पालिकेच्या ठरावापासून प्रांताच्या विधिमंडळापर्यंत

(मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेत महाड क्रांतिदिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी आपण चवदार तळ्याच्या पाण्याविषयी बोलतो. बोललेच पाहिजे. पण आज आम्ही तळ्याच्या काठावरून थोडे मागे, महाडच्या नगरपालिकेच्या सभागृहात तुम्हाला नेणार आहोत आणि तिथून पुढे मुंबई इलाख्याच्या विधिमंडळात. कारण सध्या आपल्या वस्तीत एकच विषय चालू आहे. आपल्या प्रभागाचे नगरसेवक आता विधानसभेला उभे राहणार म्हणतात. चहाच्या टपरीवर, विहाराच्या पायरीवर, नळावर सगळीकडे हीच चर्चा. एक गट म्हणतो, "जाऊ द्या वर, आपला माणूस सभागृहात बसला पाहिजे." दुसरा गट म्हणतो, "वर गेला की गेला. गरज सरो आणि वैद्य मरो." मंडळाच्या बैठकीतसुद्धा यावरून आवाज चढले, हे इथे बसलेल्या सभासदांना ठाऊक आहे.

त्या उमेदवारीवर आम्ही आज बोलणार नाही. हे व्यासपीठ प्रचाराचे नाही. परंतु स्थानिक संस्थेतला माणूस प्रांताच्या राजकारणात का जातो, गेल्यावर त्याला काय करता येते, काय करता येत नाही आणि मागे राहिलेल्या लोकांचे कर्तव्य काय, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. त्याचे एक उत्तम उदाहरण खुद्द महाडचे आहे. ते म्हणजे सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस, ज्यांना लोक सुरबानाना म्हणत.

ठराव झाला, पाणी मिळाले नाही

घटनांचा क्रम नीट लक्षात घ्या. विद्यार्थ्यांनी तर लिहूनच घ्यावा.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा सांभाळली जाणारी पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुले असावेत, असा त्याचा आशय. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे आदेश दिले. स्थानिक संस्थांनीही तसे करावे, असे त्यांना सुचविण्यात आले.

म्हणजे प्रांताने ठराव केला, सरकारने कागद पाठविला, पण तळे होते महाड नगरपालिकेच्या ताब्यात. शेवटचे पाऊल पालिकेने उचलायचे होते. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने ठराव केला की, तळ्याचा वापर अस्पृश्यांनी करण्यास पालिकेची हरकत नाही. त्या काळात जिथे बहुतेक पालिकांनी असे कागद फायलीत गाडून टाकले, तिथे कोकणातल्या एका लहान गावाची पालिका असे म्हणते, ही गोष्ट सोपी नव्हती. महाड पालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले सुरबानाना टिपणीस या भूमिकेच्या बाजूने ठाम उभे राहिले. ते स्वतः कायस्थ प्रभू. गावात राहायचे, गावातल्याच लोकांच्या मतांवर निवडून यायचे आणि त्याच लोकांना न आवडणारी भूमिका घ्यायची! नगरसेवकाची खरी परीक्षा इथे असते. मुंबईत बसून समतेवर भाषण देणे निराळे आणि ज्याच्या ओटीवर रोज बसायचे त्याच्या तोंडावर सांगणे निराळे.

पण ठराव झाला तरी पाणी मिळाले का? नाही. तीन वर्षे ठराव कागदावर राहिला. तळ्यावर जाण्याची कोणाची छाती झाली नाही, कारण ठरावामागे पोलीस नव्हता, शिक्षा नव्हती, लोकांचे संघटित बळही नव्हते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी विधिमंडळात दुसरा ठराव आणला की, ज्या पालिका आणि लोकल बोर्डे हे धोरण पाळत नाहीत त्यांचे सरकारी अनुदान रोखावे. पैशाची नाडी वरच्याच हातात असते, हे बोले यांनी बरोबर ओळखले होते.

मग १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते त्यासाठी राबले होते. सुरबानाना, अनंतराव चित्रे हे सवर्ण सहकारी सोबत होते. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. जो ठराव तीन वर्षे कपाटात होता, तो लोकांनी आपल्या ओंजळीने अमलात आणला. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, तळे "शुद्ध" करण्याचा सोहळा झाला, हे सर्व आपण जाणतो.

आता जी गोष्ट आपण सहसा सांगत नाही ती ऐका. ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोल्यांच्या पहिल्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली होती, त्याच तारखेला! ज्या सभागृहात बहुमताने हक्क दिला गेला, त्याच सभागृहात बहुमताने तो काढून घेतला गेला. एक सज्जन अध्यक्ष, दोन-चार समजूतदार सभासद एवढ्यावर आमचे हक्क उभे असतील, तर पुढच्या बैठकीत हात वर करून ते खाली पाडता येतात. मित्रहो, हा महाडचा दुसरा धडा आहे.

पालिकेचे कुंपण

डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद झाली. तोपर्यंत विरोधकांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला होता. पाण्याचा प्रश्न न्यायालयात गेला आणि दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तळ्यापासून अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादिकालापासूनची रूढी विरोधकांना सिद्ध करता आली नाही आणि आपण जिंकलो.

या दहा वर्षांत सुरबानाना कुठे होते? ते कुलाबा जिल्ह्यातल्या कुळांमध्ये होते. कोकणात तेव्हा खोती होती. तरुण मुलांना हा शब्द आता फक्त पुस्तकात भेटतो, म्हणून सांगतो. खोत म्हणजे गावचा सारा सरकारात भरणारा मध्यस्थ. प्रत्यक्ष नांगर धरणारे कूळ आणि सरकार यांच्या मध्ये तो बसलेला. कुळाने पिकवायचे, खोताने मागेल तेवढे न्यायचे आणि वर वेठबिगार. या कुळांत महार होते, तसेच आगरी आणि कुणबीही होते. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ साली शेतकऱ्यांनी जमीन न कसण्याचा संप पुकारला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. सुरबानाना या शेतकरी चळवळीत सामील झाले.

इथे विचार करा. नगरपालिकेचा अध्यक्ष काय करू शकतो? रस्ता करील, दिवाबत्ती करील, तळ्याचा ठराव करील. पण खोती काढू शकतो का? नाही. जमिनीचा सारा, कुळाचा हक्क, वतन हे सगळे प्रांताच्या कायद्याचे विषय. महाडच्या पालिकेने एकमताने ठराव केला असता, तरी एका कुळाची एक गुंठा जमीन मोकळी झाली नसती. ज्या दुःखाचे मूळ प्रांताच्या कायद्यात आहे, त्यावरचा इलाजही प्रांताच्या सभागृहातच करावा लागतो. पालिकेतल्या माणसाने वर जाण्याचे योग्य कारण हेच. मान मोठा, गाडी मोठी, बंगला मोठा, हे कारण नव्हे.

१९३७ ची निवडणूक

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना बरीच स्वायत्तता दिली. बाबासाहेबांनी १५ ऑगस्ट १९३६ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. नाव पाहा, मजूर पक्ष. त्यात अस्पृश्य होते, कूळ होते, गिरणी कामगार होते. १९३७ च्या आरंभी मुंबई विधानसभेच्या निवडणुका झाल्या. १७५ जागांच्या सभागृहात पुणे करारानुसार १५ जागा राखीव होत्या. पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक निवडून आले. बाबासाहेब मुंबईतून, भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड नाशिकहून. सर्वसाधारण जागांवर सवर्ण समाजातले तिघे आले. कुलाब्यातून सुरबानाना टिपणीस आणि रत्नागिरीतून अनंतराव चित्रे व शामराव परुळेकर.

मतदानाचा हक्क तेव्हा सर्वांना नव्हता. सारा भरणारे, थोडेफार शिकलेले अशांनाच मत होते. अशा निवडणुकीत ज्याने आपल्या गावात तळे खुले करण्याची बाजू घेऊन गावाचा रोष ओढवून घेतला, तो माणूस जिल्ह्यातून निवडून आला. का आला? कारण दहा वर्षे तो लोकांच्या प्रश्नात होता. निवडणुकीच्या तीन महिने आधी तो लोकांना सापडला नव्हता.

सभागृहात गेल्यावर

आता सभागृहात काय झाले ते पाहू, कारण "आपला माणूस गेला की सगळे होईल" असे म्हणणाऱ्यांनी हे ऐकले पाहिजे.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक पुण्याच्या अधिवेशनात मांडले. खोताला योग्य भरपाई द्यावी आणि कुळाला जमिनीचा हक्क द्यावा, अशी त्याची रचना होती. सरकार होते काँग्रेसचे, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर. सभागृहात आपले लोक मूठभर. मग विधेयकाला बळ कोठून आणायचे? बाहेरून. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून आणि इतर जिल्ह्यांतून हजारो शेतकरी मुंबईत आले आणि विधिमंडळावर मोर्चा गेला. आत विधेयक आणि बाहेर मोर्चा, असे दोन्ही हात चालले. सुरबानाना, चित्रे, परुळेकर हे आमदार झाले म्हणून मोर्चातून निवृत्त झाले नाहीत.

आणि तरीही विधेयक मंजूर झाले नाही. १९३९ च्या अखेरीस खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रांत गव्हर्नरच्या हाती गेला. निवडून आल्यापासून तीन वर्षेही मिळाली नाहीत. खोती शेवटी गेली ती १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने, देश स्वतंत्र झाल्यावर. विधेयक मांडल्यापासून बारा वर्षांनी.

मग कोणी विचारील, सुरबानाना वर जाऊन हरले का? आमच्या मते नाही. ज्या प्रश्नाचे नाव सभागृहात कोणी घेत नव्हते, तो प्रश्न या मूठभर लोकांनी कामकाजात नोंदविला. पुढच्या सरकारला तो टाळता आला नाही. बीज पेरणारा आणि कापणी करणारा नेहमी एकच असतो असे नाही.

आमची एक कबुली

आता जरा घरचे बोलू. परक्याच्या दोषावर बोट ठेवणे सोपे आहे, म्हणून आधी आमचाच दोष सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्या मंडळाने अभ्यासिकेच्या जागेसाठी अर्ज केला होता. तेव्हाच्या नगरसेवकांनी मोठ्या आपुलकीने तो पालिकेत नेला. पुढे ते विधानसभेवर निवडून गेले. आपण ढोल वाजविले, विहारात त्यांचा सत्कार केला, शाल दिली, फोटो काढला. तो फोटो अजून कार्यालयाच्या भिंतीवर आहे. पालिकेत चौकशीला गेलो तर कारकून म्हणाला, "जागा शासनाची आहे, वरून मंजुरी लागेल." मोठा आनंद झाला, कारण वर आपलाच माणूस होता! पाच वर्षांत आम्ही त्यांच्याकडे किती वेळा गेलो? सात-आठ वेळा. त्यापैकी पाच वेळा वर्धापनदिनाला बोलावण्यासाठी, दोन वेळा बदलीच्या कामासाठी. अभ्यासिकेच्या कागदाची प्रत घेऊन एकदाच गेलो आणि तीही अपुरी होती. सर्व्हे नंबर चुकला होता. तो कागद परत आला आणि पुन्हा गेलाच नाही. त्या वर्षी दहावीला बसलेली मुले पालिकेच्या दिव्याखाली, जिन्यावर बसून अभ्यास करीत होती. त्यातली एक मुलगी आज या सभागृहात शिक्षिका म्हणून बसली आहे. तिच्यासमोर हे सांगताना आमची मान खाली जाते.

आमदार विसरले हे खरेच. पण आम्हीही आठवण ठेवली नाही. आम्हाला माणूस हवा होता, काम नको होते. आज ज्या खोलीत मुले अभ्यासाला बसतात ती शेवटी सभासदांच्या वर्गणीतून भाड्याने घ्यावी लागली, आणि भाडे दरवर्षी वाढते आहे.

कोणते काम कोणाचे

म्हणून सभासदांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, कोणते काम कोणाचे हे पाठ केले पाहिजे. १९९२ साली घटनेत त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती झाली व १९९३ साली ती अमलात आली. ग्रामपंचायत, पालिका यांना घटनेत स्थान मिळाले. अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत स्त्रियांचे आरक्षण २०११ साली निम्म्यापर्यंत गेले. वयाच्या एकविसाव्या वर्षी नगरसेवक होता येते. विधानसभेला पंचवीस पूर्ण लागतात.

गटार, नळ, दिवे, सफाई, पालिकेची शाळा आणि दवाखाना, हे नगरसेवकाचे. त्याचे हत्यार म्हणजे पालिकेचा अर्थसंकल्प आणि समितीची बैठक. पोलीस, जमीन, महसूल, शिष्यवृत्ती, वसतिगृहे, नोकरभरती, हे राज्याचे. आमदाराचे हत्यार म्हणजे तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अशासकीय विधेयक. शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही म्हणून नगरसेवकाच्या दारात बसून उपयोग नाही, आणि गटार तुंबले म्हणून आमदाराला रात्री फोन करणेही योग्य नाही. प्रत्यक्षात आपण नेमके उलटे करतो. आमदाराकडे गटार मागतो आणि तो आनंदाने ते देतो, कारण सभागृहात अभ्यास करून प्रश्न विचारण्यापेक्षा फरशीचे उद्घाटन करणे सोपे असते.

आणि वरचे दार बंद झाले तर खालचे घर कसे अंधारते तेही आपण पाहिले आहे. २०२२ पासून काही वर्षे राज्यातल्या अनेक महानगरपालिकांत निवडणुका झाल्या नाहीत, प्रशासकांनी कारभार केला. तेव्हा आपल्या तक्रारी घेऊन जायला नगरसेवकच उरला नव्हता. स्थानिक संस्थेची किंमत ती नसताना कळली.

काय विचारावे

तेव्हा वर जाऊ इच्छिणाऱ्या कोणत्याही नगरसेवकाला, तो कोणत्याही पक्षाचा आणि कोणत्याही जातीचा असो, आपण चार प्रश्न विचारावेत.

पहिला, तुम्हाला वर का जायचे आहे? पालिकेत न सुटणारा असा कोणता प्रश्न तुमच्या हाताला लागला? सुरबानानांच्या हाताला खोती लागली होती. तुमच्या हाताला काय लागले ते एका वाक्यात सांगा.

दुसरा, पालिकेत तुम्ही लोकांना न आवडणारे पण न्यायाचे असे काय केले? ज्याने खाली कोणाचाच रोष घेतला नाही, तो वर जाऊन घेईल असे आम्हाला वाटत नाही.

तिसरा, तुमच्या मागे प्रभागात कोण काम पाहणार? महाडचा ठराव रद्द झाला तो विसरू नका. पुढचा माणूस आणि त्यामागे संघटना उभी केल्याशिवाय जाणारा माणूस केलेले कामही धोक्यात टाकून जातो.

चौथा प्रश्न आपण आपल्यालाच विचारायचा. हा माणूस निवडून आला तर दर तीन महिन्यांनी, पुरे कागद घेऊन, त्याच्यासमोर बसायला आपल्यापैकी कोण तयार आहे? हात वर करा असे आम्ही आज म्हणत नाही. घरी जाऊन विचार करा. पण हात वर करणारे पाचही सभासद मिळाले नाहीत, तर मग नगरसेवक वर जावो वा न जावो, आपल्याला पुन्हा एक फोटोच मिळेल.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडून आम्हाला एक गोष्ट हवी आहे. यंदा पालिकेचा अर्थसंकल्प आणा आणि अभ्यासिकेत त्याचे वाचन करा. आपल्या प्रभागाला किती रुपये मंजूर झाले आणि किती खर्च झाले, एवढेच एका कागदावर मांडा. सर्व्हे नंबर मात्र दोनदा तपासा! तुमच्यातूनच उद्याचा नगरसेवक आणि परवाचा आमदार येणार आहे. त्याला घोषणा येतीलच, त्याला कागदही वाचता आला पाहिजे.

महाडला ठराव कागदावर होता तोपर्यंत पाणी तळ्यात होते. लोक चालत गेले तेव्हा ते ओंजळीत आले. ठराव हवा, कायदा हवा, सभागृहात माणूस हवा, पण चालत जाणारे पाय आपलेच लागतात. 

जय भीम! जय भारत!